कागदावरची तिसरी ओळ

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गावी गेले होते. दुपारची जेवणं झाली होती, चुलीत फणसाच्या आठळ्या भाजायला टाकल्या होत्या आणि त्यांचा वास मागच्या पडवीपर्यंत येत होता. आई तिथे पाटावर बसून काहीतरी घासत होती. जवळ गेले तर बाबांचे गमबूट. काळे, गुडघ्याच्या जरा खाली येणारे. तळव्याच्या खाचांत चिखलाचा कणही नव्हता, आणि असणार तरी कुठून? दोन पावसाळे झाले, कोणी ते पायात घातलेले नाहीत. तरी आई अधूनमधून ते धुते, उलटे करून कठड्यावर वाळत ठेवते आणि संध्याकाळी आत घेते. मी म्हटलं, "कशाला उगाच दमतेस?" तिचा हात थांबला नाही. "पाऊस लागायच्या आधी सुकलेले बरे," म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, "म्हजें चुकलें." आमच्या घरात वाचणं, लिहिणं, आरत्या, हिशेब सगळं मराठीत. आईही आम्हा मुलांशी मराठीतच बोलत आली. पण काही वाक्यं तिच्या तोंडून कोकणीतच येतात, विहिरीच्या अगदी तळाकडून यावीत तशी.

हे दोन शब्द मी पूर्वीही ऐकले होते. पण त्या दुपारी ते माझ्या मागे लागले ते अजून सुटलेले नाहीत.

झालं होतं ते असं. आषाढातली अमावास्या तोंडावर आलेली, गोव्यातल्या आमच्या जुवारी नदीला उधाण, वरून तीन दिवस धार न तुटलेला पाऊस, आणि पहाटे कधीतरी आमच्या खाजनाचा, म्हणजे नदीकाठच्या खारवट भातशेतीचा, बांध फुटला. पलीकडच्या वाड्यावरचे काका पावसातूनच हाका मारत आले. बाबा एकाहत्तर वर्षांचे. पण बांध गेला म्हटल्यावर वय विचारायला ते थांबणार नव्हतेच. आदल्या संध्याकाळी आईने त्यांचे गमबूट धुतले होते. आतपर्यंत चिखल गेला होता, वास यायला लागला होता, म्हणून. आषाढात एका रात्रीत काय सुकतं? बाबांनी बूट उचलून पाहिले, आत पाणी होतं, ठेवून दिले आणि अनवाणी गेले. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांच्या, दगडांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या. तळपायाला एक चीर पडली. संध्याकाळी आईने हळद दाबली. पुढचा आठवडाभर ते, काका आणि आणखी पाच-सहा जण भगदाड बुजवत होते, कमरेएवढ्या पाण्यात. नवव्या दिवशी ताप आला. चार दिवस घरी, सहा दिवस इस्पितळात. डोळे आधी लाल झाले, मग पिवळे. लघवी थांबली.

त्या पहाटे एका तरुण डॉक्टरने माझ्यासमोर एक कागद भरला. मृत्यूच्या कारणाचा. त्याला माझ्याकडून तापाच्या तारखा हव्या होत्या, म्हणून मी टेबलाजवळ उभी होते आणि अक्षरं उलटी वाचत होते. या कागदाची रचना तेव्हा पहिल्यांदा पाहिली. कारणासाठी एकाखाली एक तीन ओळी असतात. सर्वांत वर जे शेवटी घडलं ते, त्याखाली ते ज्यामुळे घडलं ते, आणि त्याखाली तेही ज्यामुळे घडलं ते. म्हणजे वाचताना माणूस मरणापासून मागे मागे जातो. प्रत्येक ओळीसमोर एक अरुंद रकाना असतो, हे सुरू होऊन मृत्यूपर्यंत किती काळ गेला त्याचा. आणि छापील सूचना अशी की हृदय बंद पडलं वगैरे लिहू नये, तो मरणाचा प्रकार झाला, कारण झालं नाही. डॉक्टरने पहिल्या ओळीत मूत्रपिंडं निकामी झाल्याचं लिहिलं, दुसऱ्या ओळीत लेप्टोस्पायरोसिस. आपण ज्याला उंदीरताप म्हणतो तो. समोर 'दहा दिवस'. तिसऱ्या ओळीत त्याने एक आडवी रेघ मारली.

त्या रेघेकडे मी बघत राहिले. त्याच्या शास्त्रापुरतं सगळं सांगून झालं होतं, आणि त्याने ते नीट, काळजीने लिहिलं होतं. पण आमच्या घरात त्यानंतर जे काही बोललं गेलं, जे काही मनातच राहिलं, ते सगळं त्या तिसऱ्या ओळीत बसायला धडपडत होतं.

आमच्या पिढीने शाळेत 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न दर परीक्षेला सोडवला. मडक्यातले पाणी थंड राहते. रेल्वेच्या रुळांमध्ये फट ठेवतात. दोन-तीन मुद्दे लिहायचे, एकाखाली एक, आणि शेवटच्या ओळीत 'म्हणून' घालून प्रश्नच पुन्हा उतरवायचा. म्हणून मडक्यातले पाणी थंड राहते. दोन गुण. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, आणि गेली सत्तावीस वर्षं मडगावात मुलांना हेच शिकवते आहे. मुद्दे क्रमाने आले पाहिजेत, मधली पायरी गाळायची नाही, 'म्हणून' विसरायचं नाही. या प्रश्नांत एक गोष्ट आधीच ठरलेली असते, ती मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. कुठे थांबायचं ते. मडक्याला छिद्रं असतात इथपर्यंत यायचं. मडकं घरात का होतं, फ्रीज घ्यायला पैसे का नव्हते, ते कोणी विचारत नाही. विचारायला हवं असंही नाही. पण थांबायची जागा मडक्यात नसते, ती प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने ठरवलेली असते.

बांधाचं घ्या. लहान असताना बाबा मला मानस दाखवायला न्यायचे. बांधाच्या पोटात दगडी चौकट, तिला लाकडी दारं, खाली नदीचं खारं पाणी एका बाजूला आणि आतल्या पोंयीचं, म्हणजे शेताकडच्या तळ्याचं, पाणी दुसऱ्या बाजूला. भरती आली की नदीचं पाणी दारं लोटून घट्ट बसवतं, शेतात खारं शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी तीच दारं बाहेर ढकलतं आणि शेतातलं जास्तीचं पाणी नदीत जातं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, माणसाचा हातही लागत नाही. "दार कोण लावतं?" बाबा विचारायचे. मी म्हणायची, पाणी. "उघडतं कोण?" पाणीच. त्यांना या उत्तराचा दर वेळी तितकाच आनंद व्हायचा. त्या वेळी त्या चिखलाचा वास, दाराच्या फटीतून फुसफुसणारा फेस, आणि पायाखालच्या लाकडाचं थरथरणं, एवढंच मला कळायचं. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी चंद्राच्या ओढीला एक काम लावून दिलं, आणि ती ओढ आमच्या कोरगुटाच्या भाताची राखण करत राहिली, याचं नवल फार उशिरा वाटलं.

हा बांध का फुटला? भगदाड बुजवायच्या आधीच गावात याची उत्तरं तयार होती. काही म्हणाले, कुर्ल्यांनी पोखरला. हे खरंच आहे, खेकडे बांधात बिळं करतात, त्यातून पाणी पाझरायला लागतं आणि पाझराचा ओहोळ होतो. काही म्हणाले, मानशीची पावणी घेतो त्याच्यामुळे. आमच्याकडे मानशीवरची मासळी पकडायच्या हक्काचा लिलाव होतो, त्याला पावणी म्हणतात. पावणी घेणाऱ्याला भरतीबरोबर आत येणारी कोळंबी, शेवटे हवे असतात. शेतकऱ्याला खारं पाणी थेंबभरही नको असतं. दार कधी किती वेळ अडकवून ठेवलं, यावर भांडण नवं नाही. म्हाताऱ्या मंडळींचं कारण आणखी मागचं. त्यांच्या मते गांवकारी, म्हणजे गावच्या जमिनी मिळून सांभाळायची जुनी व्यवस्था, होती तेव्हा बांधावर रोज नजर असायची, बीळ दिसलं की त्याच दिवशी चिखलाने बुजवलं जायचं. १९६४ चा कूळ कायदा आला, पुढे कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला, ते न्यायाचंच झालं, पण बांधाची देखभाल कुळांच्या संघटनेकडे आली आणि हळूहळू ती सर्वांची म्हणून कोणाचीच राहिली नाही. कोणी बार्जींकडे बोट दाखवलं. खनिज भरलेल्या बार्जी वर्षानुवर्षं जुवारी-मांडवीतून गेल्या, त्यांच्या लाटांनी बांधांचे पाय सुटले. २०१२ साली खाणी थांबल्या, नंतर थोड्या चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. पण झिजलेला बांध बार्जी थांबल्या म्हणून भरून येत नाही. आणि शेवटी, जे अर्ध्या शेताचे मालक मस्कत, लिस्बन, लंडनला आहेत त्यांच्यामुळे. पडीक शेताच्या बांधावरून कोण चालणार?

यातलं खोटं एकही नाही. माझ्या भावाने एकदा व्हिडिओ कॉलवर याचा हिशेब मांडायचा प्रयत्न केला होता. तो मस्कतला असतो, यंत्रांची देखभाल हेच त्याचं काम. म्हणाला, आमच्याकडे एखादा पंप बंद पडला की आधी बघतो, कुठला एक भाग बदलला तर तो चालेल. तो भाग म्हणजे कारण. मी म्हटलं, हे तुझ्या हातात पाना आहे म्हणून. पानेवाल्याला बोल्ट दिसतो. वकिलाला ज्याने कर्तव्य पाळलं नाही तो माणूस दिसेल. इतिहास शिकवणाऱ्याला १९६४ दिसेल, आणि खेकड्यांचा अभ्यास करणाऱ्याला बीळ. पुढे पिकाच्या नुकसानभरपाईसाठी आम्ही एका कार्यालयात गेलो तर तिथला प्रश्न याहून थेट होता. नैसर्गिक आपत्ती, की देखभालीत हयगय? आपत्ती असेल तर पैसे मिळणार, हयगय असेल तर नाही. भरती तीच, भगदाड तेच. पण कारण कोणतं लिहायचं यावर कोणाच्या खिशातून काय जाणार ते ठरत होतं. काकांनी त्या दिवशी बाहेर येऊन बराच वेळ काही न बोलता छत्री झटकली.

यावरून मांडवीचा पूल आठवला. ५ जुलै १९८६ ला तो पडला तेव्हा मी शाळेत होते. जेमतेम सोळा वर्षांचा पूल. पुढे कित्येक वर्षं पणजीहून पलीकडे म्हापशाला जायचं तर फेरीबोटीच्या रांगेत उभं राहायचं, पावसात अंगाला अंग चिकटलेली माणसं, डिझेलचा आणि ओल्या कपड्यांचा वास. त्या रांगेत एकदा मी बाबांना विचारलं, पूल कशाने पडला? त्यांनी पेपरात वाचलं होतं. म्हणाले, गंजाने. मला ते पटेना. गंज तर आमच्या न्हाणीच्या कडीलाही होता. पडायच्या दिवशी काहीतरी झालं असणार ना? मोठी लाट, जड ट्रक, काहीतरी? बाबा म्हणाले, "काँक्रीटच्या आत पोलादाच्या तारा ओढून बसवलेल्या असतात. त्या आतल्या आत गंजत होत्या. आपल्याला दिसला तो दिवस पडण्याचा. तो पडत होता कधीपासून." नदीच्या पात्रात मोडलेला तो भाग मी बोटीतून बघायची आणि दर वेळी मला वाटायचं, कुठली तार शेवटची होती? ती तुटली म्हणून पूल पडला की आधीच्या तुटल्या होत्या म्हणून?

कॉलेजात आम्हाला संस्कृत शिकवायला एक सर होते. त्यांनी न्यायशास्त्रातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, घट आणि कुंभाराचं उदाहरण सांगितलं होतं, तेव्हा ते फक्त परीक्षेपुरतं पाठ केलं. घड्याची कारणं कोणती? माती हवी, कुंभार हवा, चाक हवं, चाक फिरवायचा दांडा हवा. कार्याच्या आधी जे नेमाने असतं ते कारण. पण मग आधी तर बरंच काही असतं. माती पाठीवर लादून आणणारं गाढव असतं. दांड्याचा रंग असतो. कुंभाराचा बापही कधीतरी होताच. नैयायिकांनी या सगळ्यांना एक नाव दिलं आहे, अन्यथासिद्ध. आधी असतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही, किंवा अडतं ते दुसऱ्याच्या द्वारे. माती बैलगाडीने आली असती तरी घडा झालाच असता. सर हे सांगताना वर्गात हशा पिकायचा, गाढव आणि बाप एकाच यादीत आल्यामुळे. बाबा गेल्यावर ही यादी माझ्या डोक्यात परत आली, आणि तिच्यामागचा कळवळा मला पहिल्यांदा जाणवला. ज्या कोणी ती केली, त्याला हे ठाऊक असणार की माणूस शोधायला लागला की जे जे जवळ होतं त्या सगळ्यावर हात ठेवत सुटतो. गाढवाला सोडवण्यासाठी एवढं शास्त्र लागलं. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' हे आपण सहज म्हणून जातो, पण त्या कावळ्याच्या मनात काय होत असेल?

अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने तर याहून अवघड गोष्ट सांगितली. एकामागून दुसरं घडलेलं आपल्याला दिसतं, पुन्हा पुन्हा दिसतं, आणि मनाला सवय लागते. त्या दोहोंना बांधणारी दोरी कोणी कधी पाहिलेली नाही. वर्गात हे ऐकताना मला ते नुसतं शब्दांचं वाटलं होतं. पण आईची दोरी मी डोळ्यांनी पाहते. बूट ओले, पाय उघडा, चीर, ताप. तिच्या मनात ते एकदाच घडलेलं आहे, तरी रोज घडतं.

मग मी रोगाविषयी वाचलं. अधाशासारखं वाचलं. या कावीळ-तापाचं वर्णन जर्मनीत अडॉल्फ वाइल यांनी १८८६ साली केलं, पण जंतू सापडायला पुढची जवळजवळ तीस वर्षं गेली. १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी तो शोधला, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांच्या आजारात. मळसूत्रासारखा बारीक जंतू. उंदराच्या मूत्रपिंडात तो सुखाने राहतो, उंदराला काही होत नाही, आणि मुतातून तो पाण्यात, चिखलात येतो. तिथून माणसाच्या चिरेतून, भेगेतून, डोळ्यांतून आत. म्हणजे दुसरी ओळही काही तळ नव्हे. तिच्याखाली उंदीर, उंदराखाली पूर, पुराखाली बांध.

पाण्याचं कारण कळायला माणसाला नेहमीच वेळ लागलेला आहे, आणि ती कथा आमच्या मातीतलीही आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीचं वर्णन आहे, आणि आपला 'मोडशी' हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडात थोडा वाकडा होऊन त्यांच्या लिखाणात गेला. जुनं गोवें पुढे साथींनी ओस पडत गेलं, १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला गेला. तिथला जांभा सच्छिद्र, घराघरांतली घाण त्यातून झिरपून विहिरींत उतरत असणार, असं एक कारण आज सांगितलं जातं. तेव्हाचे लोक वाईट हवेला दोष देत होते. लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ साली पटकीच्या साथीत ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला, ती गोष्ट मी मुलांना रंगवून सांगायची. दांडा काढला, साथ थांबली! नंतर कळलं की दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरायला लागली होती, आणि हे स्नोने स्वतःच लिहून ठेवलं होतं. त्याचा खरा पुरावा कोणती घरं कुठलं पाणी पीत होती या हिशेबात होता. तेव्हापासून मी ती गोष्ट तशीच, पूर्ण सांगते. मुलांना ती कमी आवडते. मला त्या माणसाविषयी जास्त आदर वाटतो.

वाचताना एक आकडा सापडला आणि मी वही घेऊन बसले. जंतू शिरल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा पाच ते चौदा दिवस जातात, क्वचित दोन, क्वचित तीसही. ताप आला बूट ओले होते त्या सकाळनंतर नवव्या दिवशी. चौदातून नऊ गेले पाच. म्हणजे त्या सकाळच्या आधीचे पाच दिवसही त्यात येतात, बाबा तेव्हा लावणीच्या चिखलात होते. नवातून पाच गेले चार. त्यानंतरचे चार दिवसही, ते तेव्हा भगदाडात कमरेएवढ्या पाण्यात होते. एकूण दहा दिवस, आणि त्यातला एक दिवस आईचा. शिवाय बाबांच्या टाचांना बारमाही भेगा. चीर नसती तरी दार उघडंच होतं. वहीच्या पानावर मी हे सगळं मुद्देसूद लिहिलं, खाली 'म्हणून' लिहिलं, आणि पुढे लिहिता येईना.

लिहिता येईना कारण त्या हिशेबाच्या शेजारी माझा हिशेब होता.

तापाच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला होता. शाळा सुटत होती, मुलांचा कल्ला, छपरावर पाऊस. ती म्हणाली, ताप उतरत नाही, आणि पोटऱ्या फार दुखतात म्हणतात, हात लावू देत नाहीत. मी म्हटलं, "आठवडाभर चिखलात उभे आहेत, दुखणारच. पावसाळी ताप असेल. पॅरासिटामॉल दे, दोन दिवस बघू." पोटऱ्यांचं दुखणं आणि डोळ्यांचा लालपणा ही या रोगाची ओळख, हे मी नंतर वाचलं. त्या ओळीवर माझं बोट किती वेळ होतं ते मला सांगता येणार नाही. भावाचं आणखी वेगळं. उंदीरतापाविषयी वाचूनच तो सुट्टीवर आला असताना ते बूट घेऊन आला होता. बाबा गेल्यावर विमानतळावरून घरी येईपर्यंत तो गाडीत एकच वाक्य बोलला, "एकाच्या जागी दोन जोड आणले असते तर?" आणि काका तेराव्यापर्यंत आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. अंगणात बसायचे. आईने आत बोलावलं तेव्हा म्हणाले, हाक मीच मारली होती.

बांध फुटला तेव्हा सगळ्या गावाने कारण उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं. बाबा गेले तेव्हा प्रत्येकाने ते आपल्या घरी आणलं. दोन्ही वेळा माणसं तीच होती. आम्ही तिघाचौघांनी कधी एकमेकांना दोष दिला नाही, आणि कोणी कोणाचा दोष काढूनही घेतला नाही. 'जर-तरला काय अर्थ,' म्हणत लोक येऊन गेले. पण कारण शोधणं म्हणजे दुसरं काय असतं? कोर्टात विचारतात ते तेच, हे झालं नसतं तर ते झालं असतं का? औषधाची चाचणी घेणारे अर्ध्या लोकांना औषध देत नाहीत ते याच जर-तरसाठी. त्यांच्याकडे दुसरी अर्धी माणसं असतात. आमच्याकडे एकच बाबा होते, त्यांची एकच सकाळ.

त्या मे महिन्यातल्या संध्याकाळी मी मानशीवर गेले. ओहोटी लागली होती, दारं अर्धी उघडी, आतलं पाणी तपकिरी दोरासारखं नदीत जात होतं. त्या बाजूचं शेत अजून पडीक आहे. खारं पाणी एकदा आत बसलं की मीठ धुवून निघायला काही पावसाळे जावे लागतात. काका बांधावर माडाच्या बुंध्याला टेकून बसले होते. बोलता बोलता बुटांचा विषय मीच काढला. ते माझ्याकडे बघतच राहिले. "बूट? मानशीकडे बूट घालून कोण उतरतो? चिखलात पाय रुतला की बूट आत राहतो, पाय तेवढा वर येतो. तुझे बाबा इथवर घालून यायचे आणि इथे काढून ठेवायचे, ह्या माडाकडे. रोज. त्या दिवशीही काढलेच असते."

मी त्या बुंध्याकडे पाहिलं. मग जवळजवळ धावत घरी आले. वाटेत वाक्यं जुळवत होते. वर्षानुवर्षं ज्याची मुलांना सवय लावली ते सगळं हाताशी होतं, मधली एकही पायरी गाळायची नव्हती. आई पडवीत बूट चाचपत उभी होती, आत बोटं घालून ओल बघत. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ओले नसते तरी पाय उघडाच असता, चीर पडायचीच होती, तुझा काही संबंध नव्हता, आई.

"ठाऊक आहे गो मला," ती म्हणाली.

मला कळेना. ती सावकाश म्हणाली, "घरी यायचे तेव्हा बूट हातात असायचे. पाय गुडघ्यापर्यंत माखलेले. पायांवर पाणी मीच ओतायची की." मग तुझं चुकलं काय? तिने एक बूट खाली ठेवला, दुसरा तसाच हातात. "बूट ओले बघून ते बोलले काहीच नाहीत. मी चुलीकडे होते. वाटलं, आता रागावतील. तर नुसते ठेवले आणि गेले. चहा गाळून ठेवला होता, तोही तसाच राहिला."

मी कठड्यावर बसले. बऱ्याच वेळाने म्हटलं, "आई, तू फोनवर मला पोटऱ्यांचं सांगितलं होतंस. मी म्हटलं दोन दिवस बघू." हे मी दोन वर्षांत कोणापाशी बोलले नव्हते.

तिने माझ्याकडे पाहिलं. "कधी?" तिने विचारलं. तिला खरंच आठवत नव्हतं.

डोंगराकडून गडगडाट आला आणि वाऱ्याबरोबर ओल्या मातीचा वास. आवाठातल्या कोणीतरी कपडे काढायला म्हणून हाक दिली. आईने तिच्या हातातला बूट पोटाशी धरला, दुसरा मी उचलला, आणि थेंब पडायच्या आत आम्ही दोघी आत गेलो.